लहान आधी, तर वजा

नमस्कार, श्रोतेहो.

रोमन आकडे आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत. भिंतीवरच्या घड्याळात असतात, मुलांच्या प्रगतिपुस्तकात इयत्तेपुढे असतात. बारापर्यंत कुणी अडत नाही. अडतो आपण जुन्या इमारतींवर कोरलेल्या सालापाशी.

अक्षरं सातच. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. मोठं अक्षर आधी आणि लहान नंतर, तर बेरीज. लहान आधी आणि मोठं नंतर, तर मोठ्यातून लहान वजा. पुन्हा सांगतो, कारण सगळं इथंच आहे : लहान आधी, तर वजा.

आता गेटवेची गोष्ट. आमचे मामा गिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आजही तोंडपाठ. (पावकी-निमकी शाळेतून गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तोंडी हिशेबाला तेवढी धार दुसऱ्या कशानं येत नाही.) घारापुरीला जायला आम्ही गेटवेवर लाँचच्या रांगेत उभे होतो. सोबत मामांची नात, पाचवीतली. तिनं मान वर करून कमानीवरचा इंग्रजी मजकूर वाचायला घेतला. ‘किंग जॉर्ज व्ही’ आलं, तशी म्हणाली, “आजोबा, पाचवा जॉर्ज!” पुढे ओळीच्या शेवटी आलं : एम, सी, एम, एक्स, आय.

मामांनी लगेच बोटं मोजली. हजार, शंभर, पुन्हा हजार, दहा, एक. “दोन हजार एकशे अकरा,” म्हणाले. बेरीज अगदी चोख होती. पोरगी म्हणाली, “आजोबा, ते साल अजून यायचंय!”

मामा गप्प झाले. खिशातलं पेन काढलं, तिकिटाच्या पाठीवर पाचही अक्षरं लिहिली आणि तिच्या हातात दिली. तिनं पहिल्या एमनंतर एक उभी रेघ ओढली, सी-एमनंतर दुसरी. “हा एम हजार. हा सी दुसऱ्या एमच्या आधी आलाय आणि लहान आहे, म्हणून हजारातून शंभर गेले, नऊशे राहिले. एक्स-आय अकरा. एकोणीसशे अकरा.” शेजारी एक फोटोवाले गिऱ्हाइकाची वाट बघत उभे होते. ते म्हणाले, “बेटा, रोज मी ह्याच्याखाली उभा असतो. आज कळलं.” मामांनी ते तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं.

मग मामांनी विचारलं, “म्हणजे गेटवे १९११ चा?” तसं नाही. ते साल राजा-राणी इथं उतरल्याचं आहे, २ डिसेंबर १९११. त्या दिवशी ही दगडी कमान नव्हतीच. स्वागताला पुठ्ठ्याची कमान उभी केली होती. पायाभरणी झाली १९१३ मध्ये आणि बांधकाम पुरं झालं १९२४ मध्ये. तेव्हा साल वाचलं, की ते कशाचं आहे तेही वाचावं.

आता उरलेलं थोडक्यात. वजा होणारी अक्षरं तीनच. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून ४९ हे आय-एल होत नाही. ४० चं एक्स-एल, ९ चं आय-एक्स, मिळून एक्स-एल-आय-एक्स. घड्याळात मात्र चारच्या जागी पुष्कळदा चार आय दिसतात. घड्याळवाल्यांची ती जुनी रीत आहे.

रोमन आकड्यांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. आपल्या आकड्यांत दोन्ही आहेत, म्हणून १००० नंतरचा हिशेब आपल्याला इतका सोपा जातो. आणि पोरांना रोमन जरूर शिकवा, पण बसच्या पाटीवरचा मराठी आकडाही त्यांना झटकन वाचता आला पाहिजे. स्टॉपवर उभं राहून “काका, ही कितीची बस?” असं मराठी पोरानं विचारणं मला फार लागतं.

कागद जवळ असेल तर एक साल लिहून घ्या आणि मामांच्या नातीसारख्या रेघा ओढा : एम, सी, एम, एक्स, एल, व्ही, आय, आय. हजार; नऊशे; चाळीस; सात. १९४७.

नमस्कार.