दोऱ्याने बांधलेलं पेन

श्रोतेहो, नमस्कार.

चर्चच्या सेवाकार्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ब्लँकेटं वाटायला मिळतील असं वाटलं होतं. मिळालं ते एक डुगडुगणारं टेबल, दोऱ्याने बांधलेलं पेन आणि लोकांचे अर्ज भरून द्यायचं काम. खोटं कशाला बोलू, हिरमुसलोच. ब्लँकेट देताना फोटो तरी निघतो!

पहिल्याच आजोबांनी घड्या घालून मऊ पडलेला कागद पुढे केला. पेन्शनचं पत्र होतं. मी वाचून दाखवलं. म्हणाले, "पुन्हा वाचा." दुसऱ्यांदा वाचताना पाहिलं, तर ते माझ्या बोटामागून अक्षरं लावायची खटपट करत होते. वाचता येत होतं, चष्मा नव्हता. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे दोन वर्षं एकच नोंद: ब्लँकेट दिले.

गरज न विचारता वाटत सुटायची ही चूक तशी जुनीच. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमची मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती समाज, वाढत होती आणि कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, तक्रार झटकली नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. म्हणजे सेवेची पहिली व्यवस्था लागली ती कुणीतरी तोंड उघडलं म्हणून. गंमत म्हणजे आजही तक्रार करणारा माणूस आपल्याला कृतघ्न वाटतो.

दुसरी गोष्ट पॅरिसची, 1833 सालची. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र गरिबांसाठी काही करू म्हणून एकत्र आले. सिस्टर रोझाली रँडू या गरीब वस्तीत काम करणाऱ्या बाईंनी त्यांना वाट दाखवली. मुलं लोकांच्या घरी जाऊ लागली. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. घरभेट हे आजही तिचं मुख्य काम आहे आणि ती शक्यतो दोघांनी मिळून करायची असते. दारात पिशवी ठेवून निघालात, तर आत चूल पेटते का, औषधं संपली आहेत का, हे कसं कळणार?

दूरच्या मिशनवर, म्हणजे चर्चतर्फे परगावी सेवा करायला, जाणाऱ्यांना मी एकच खवचट प्रश्न विचारतो: तुम्ही रंगवणार ती भिंत तिथल्या रंगाऱ्याला का नाही दिली?

आणि एक कुंपण पाळायचं. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अट नको. 1994 साली रेड क्रॉस आणि काही मदतसंस्थांनी आपत्तीतल्या मदतकार्यासाठी आचारसंहिता केली. मदतीचा वापर धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटण्यासाठी करू नये, असं त्यात स्पष्ट आहे. ती करणाऱ्यांत कॅरितास ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस ही चर्चची जागतिक संघटना होत्या, हे मुद्दाम सांगतो.

आजोबांना चष्मा मिळाला. पुढच्या महिन्यात ते शेजारच्या बाईंना घेऊन आले. मी पेन उचललं, तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. "तुमचं अक्षर ऑफिसात कुणाला लागत नाही," म्हणाले, आणि अर्ज स्वतःकडे ओढला.