वकील मग, केस पेपर आधी

नमस्कार श्रोतेहो. उपचारांत हलगर्जी झाली, घरचं माणूस गेलं किंवा कायमचं अधू झालं. आता भरपाई मागायची, तर पहिली फेरी कुठं मारायची? वकिलाकडे नव्हे, रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार अर्ज केल्यावर ७२ तासांत कागद मिळायला हवेत. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर परत येऊ नका. नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, भुलीची नोंद, संमतिपत्रं, सगळं मागा. आणि ईसीजीच्या पट्टीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, तो कागद फिका पडतो. काही जण हौसेनं तिचं लॅमिनेशन करतात. उष्णतेनं पट्टी काळीठिक्कर होते, पुरावा गेला!

या कागदांत बघायचं काय? वेळा. पुन्हा सांगते, वेळा.

एक खरा खटला ऐका, वेळांसकट. कोकणात गुहागरजवळचं पालशेत. ६ मे १९५३. वीस वर्षांच्या एका मुलाचं समुद्रकिनाऱ्यावर डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर, खाट आणून त्याला न्यावं लागलं. गावच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या. आठ तारखेच्या रात्री एकच्या सुमाराला टॅक्सी निघाली. मागच्या सीटवर रेललेला मुलगा, सोबत आई आणि तेच डॉक्टर. दोनशे मैल तुडवून साडेअकराला पुणं आलं. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करायचे, तेही पोचले. एका रुग्णालयात पाय तपासला, तिथं दिसलं की हाडाची टोकं एकमेकांवर चढली आहेत, पिन घालून ट्रॅक्शन द्यावं लागेल, म्हणजे पाय ताणून हाड जागेवर आणावं लागेल. मग दुसऱ्या रुग्णालयात सव्वादोनला भरती. वेदना शमवणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतरानं द्यायची होती, दिलं एकच. ऑपरेशन थिएटरमध्ये तासाभराहून थोडा जास्त वेळ. साडेपाचला मुलगा प्लास्टर घालून खोलीत. सातपर्यंत गुंगी उतरेल असं सांगितलं, म्हणून वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आलं, पोराला श्वास घेता येत नाहीये. रात्री नऊला तो गेला.

दाखल्यावर कारण लिहिलं 'फॅट एम्बॉलिझम', म्हणजे रक्तात चरबीची गुठळी. पण कोर्टात ठरलं ते वेगळंच. पूर्ण भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, तीन माणसांच्या मदतीनं जोर लावून पाय ओढला होता आणि त्या धक्क्यानं मुलगा दगावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच कायम केलं. पंधरा वर्षं लागली. भरपाई किती? ३,००० रुपये.

आता सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानंतर पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. जिथं सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथं मात्र दिवाणी न्यायालय. तक्रार दोन वर्षांच्या आत, जिथं राहता त्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. त्याची मर्यादा ५० लाख, पण ती मागणीची नव्हे, बिलापोटी भरलेल्या पैशांची. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर अंत्यविधीआधी पोलिसांना सांगून शवविच्छेदन करून घ्या. नंतर तज्ज्ञ डॉक्टरही अंदाजच बांधतात. आणि रागाच्या भरात काचा फोडू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं मोडलेल्या सामानाची दुप्पट किंमत तुमच्याकडूनच वसूल होते. भरपाई मागायला आलेला माणूस भरपाई भरून जातो!

तडजोडीचं बघू. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर ग्राहक आयोग प्रकरण मध्यस्थीला पाठवत नाही, नियमातच तसं आहे. बोलणी आपापसांत करायची, पण अटी आयोगापुढे दाखल करून आदेश घ्यायचा, म्हणजे पैसे थकले तर वसुली लावता येते. डॉक्टरांचा विमा असला की विमा कंपनीच्या होकाराशिवाय ते सहसा आकडा कबूल करत नाहीत, म्हणून 'करतो, बघतो' ऐकू येतं. तोवर तक्रार दाखल करून ठेवा, दोन वर्षं कुणासाठी थांबत नाहीत. आणि 'बिल माफ करतो, इथं सही करा' म्हणाले, तर कागद आधी वाचा. 'यापुढे काही मागणी नाही' ही ओळ बहुधा खाली, बारीक अक्षरात असते.