बाळाचं नाव 'राजस' ठेवू की नको? राजेशाही नावांवर थोडं मनापासून

नमस्कार मंडळी! मागच्या बारशाच्या व्हिडिओपासून एकच मागणी चाललीय, ताई राजेशाही नावं सांगा, खानदानी अर्थाची सांगा. सोपी आधी पटापट घेते. अधिराज म्हणजे सम्राट, नृप आणि भूपाल म्हणजे राजा, राज्ञी म्हणजे राणी, आर्या म्हणजे थोर, मान द्यावा अशी बाई. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, मराठीला 2024 मध्ये जो दर्जा मिळाला तोच शब्द. त्याला अभिजित समजू नका, अभिजित म्हणजे विजयी.

आता राजस. या एका नावावर मला सगळ्यात जास्त मेसेज येतात. माझ्या बहिणीच्या मुलाचं नावच राजस आहे, तूळ रास, र किंवा त हवं होतं. बारशाच्या आदल्या रात्री, पाळणा सजवून झालेला, आत्या तयार, आणि एका नातेवाइकांचा फोन, म्हणे अगं सात्त्विक, राजस, तामस यातलं राजस ते, बदला नाव! बहीण रडायला लागली हो. ओली बाळंतीण, बारा दिवसांचं बाळ मांडीवर, अशा वेळी असं बोलावं का माणसानं?

तर नीट ऐका. संस्कृतात राजस शब्द रजस् वरून, म्हणजे रजोगुणावरून आलाय, राजा शब्दावरून नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात तिखट, आंबट, खारट जेवणाला राजस म्हटलंय, तेही खरं. म्हणजे नेटवरच्या याद्यांमध्ये 'राजस = राजाचा' असं लिहितात ते व्युत्पत्तीनं चूकच.

पण आपण मूल मराठीत वाढवतोय ना? मराठीत राजस म्हणजे देखणा, राजबिंडा, लाडका. आजी नातवाला राजसा म्हणते, लावणीत प्रियकराला राजसा अशी हाक असते, तिथे रजोगुण कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

आणि तरीही धाकधूक असेल तर तुकोबांकडे जा. विटेवरच्या विठ्ठलाला ते राजस सुकुमार म्हणतात. साक्षात पांडुरंगाला जो शब्द चालला तो तुमच्या बाळाला का नाही चालणार? हेच मी त्या रात्री बहिणीला फोनवर सांगितलं, दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

एका कमेंटबद्दलही बोलायचंय, 'फक्त संस्कृत नावं सांगा, बाहेरची नकोत'. अहो, शहाजीराजांचं नाव घ्या. शाह म्हणजे फारसीत राजा. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी, आणि शरीफ म्हणजे अरबीत कुलीन, थोर घरातला. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला म्हणून मालोजीराजांनी मुलांची ही नावं ठेवली असं सांगतात. भोसल्यांच्या घरात जी नावं इतक्या मानानं नांदली त्यांना बाहेरची कसं म्हणू मी?

राज्ञी निवडलंत तर एक लक्षात घ्या, आपण ज्ञ चा उच्चार द्न्य करतो, हिंदीत ग्य करतात, म्हणून जन्मदाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आधीच ठरवा, नंतर दुरुस्तीला फार खेटे पडतात.

आमचा राजस आता सव्वा वर्षाचा झालाय, आणि ज्यांनी तो फोन केला होता ना, तेच आता त्याला 'ये रे राजसा' म्हणून कडेवर घेतात.