यंत्राने रुपये विचारले, तर ‘नको’ म्हणा

नमस्कार मंडळी. तिकिटं काढून झालेली बरीच माणसं समोर बसली आहेत. व्याख्यान सुरू होण्याआधी भाजणी किती न्यायची, लोणच्याची बरणी कोणत्या बॅगेत ठेवायची, याची चर्चा अगदी व्यासपीठापर्यंत ऐकू येत होती. वजनकाट्यावर बॅग दोनदा चढते, पण सहा महिने मुलाकडे-मुलीकडे राहायला निघताना कार्ड कोणतं न्यायचं, हे मात्र कुणी तोलून बघत नाही. पाकिटात असेल ते जातं. पत्रिकेवर विषय ‘कोणतं कार्ड घ्यावं’ असा छापला आहे आणि त्याकडे येणारच आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण तिथे चुकलं तर उत्तमातलं उत्तम कार्डही वाया जातं.

समजा, अमेरिकेला जाताना वाटेत चार दिवस लंडनला उतरलात. दुकानात नातवंडांसाठी खरेदी झाली, बिल झालं १५० पौंड. हिशेबाला सोपं जावं म्हणून पौंड १२० रुपये धरू, म्हणजे १८,००० रुपये. कार्ड यंत्राला लावलं. कार्डाच्या क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते कोणत्या देशातलं, कोणत्या बँकेचं, हे यंत्राला लगेच कळतं. पडद्यावर दोन ओळी येतात: एकीत १५० पौंड, दुसरीत १९,०८० रुपये. विचारणा असते, कशात देणार? आपल्याला परक्या मुलखात ‘रुपये’ शब्द दिसतो, बरं वाटतं, आकडा ओळखीचा वाटतो, आणि बोट तिकडे जातं.

इथेच १,०८० रुपये गेले. या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात, बँकेतली मंडळी ‘डीसीसी’ म्हणतात. पौंडाचा भाव तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्ड लावत नाही. दुकानदाराच्या बँकेने नेमलेली कंपनी लावते, आणि त्या भावात स्वतःचा नफा धरते. उदाहरणात मी ६ टक्के धरला, काही ठिकाणी तो याहूनही जास्त असतो. त्यातला वाटा दुकानालाही मिळतो, म्हणून काउंटरवरची मुलगी इतक्या आपुलकीने विचारते, ‘इंडियन रुपीज?’

बरं, हे इथेच संपत नाही. व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशातलं आहे, म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही १ टक्का शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात. १९,०८० वर ते सव्वादोनशे रुपये होतात. म्हणजे १८,००० ची खरेदी १९,३०० च्या वर गेली. आणि लक्षात घ्या, कार्ड ‘शून्य मार्कअप’चं, म्हणजे परकी चलनाच्या खर्चावर बँक स्वतःचा टक्का लावत नाही असं, असलं तरी हे घडतं! तुमच्या बँकेला मार्कअप लावायची संधीच मिळाली नाही, तर तिने माफ केलेल्या मार्कअपचा उपयोग काय? म्हणून पौंडाच्या देशात पौंड, डॉलरच्या देशात डॉलर, युरोच्या देशात युरो. रुपये नको. एवढं एक वाक्य आज घरी नेलंत तरी पुष्कळ झालं.

एटीएमवर हीच गोष्ट जास्त फसवी होते. पर्यटकांच्या वर्दळीत उभी असलेली खासगी एटीएम यंत्रं आधी भाव दाखवतात आणि मग दोन पर्याय देतात: रूपांतर स्वीकारा किंवा नाकारा. ‘डिक्लाइन’ शब्द दिसला की माणूस घाबरतो. आता पैसेच मिळणार नाहीत, कार्ड आत अडकणार, असं वाटतं, आणि तो मुकाट ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबतो. मंडळी, ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ म्हणजे फक्त त्यांचा भाव नाकारणं. पैसे मिळतात, आणि ते आपल्या कार्डाच्या भावाने मिळतात. युरोपीय संघात तर एप्रिल २०२० पासून नियमच आहे, की हा भाव युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या भावापेक्षा किती टक्के जास्त आहे ते एटीएमने पडद्यावर आणि दुकानाने काउंटरवर दाखवलं पाहिजे. तो टक्क्याचा आकडा वाचायचा. चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचायचा. मागे रांग असली तर असू दे.

हॉटेलात आणखी एक प्रकार असतो. निवड तुम्ही करण्याऐवजी काउंटरवरचा माणूसच करून टाकतो आणि सहीला चिठ्ठी पुढे करतो. चिठ्ठीवर आयएनआर, म्हणजे भारतीय रुपये, दिसलं तर सही करायची नाही. शांतपणे म्हणायचं, ‘व्हॉइड इट, प्लीज. चार्ज इन पौंड्स.’ व्यवहार तिथल्या तिथे रद्द होऊन नव्याने होतो. घरी येऊन तक्रार केली तर चिठ्ठीवर बारीक अक्षरांत ‘मला चलन निवडायची संधी दिली होती’ असं छापलेलं निघतं, आणि खाली सही आपलीच असते. विमान कंपन्या आणि हॉटेलांच्या वेबसाइटवरही चलनाची चौकट असते. ती आपोआप रुपयांवर गेलेली असते, तेवढी बदलून घ्या.

अमेरिकेत हे रुपयांचं विचारणं कमी भेटतं. तिथली अडचण निराळी, ती पेट्रोल पंपावर येते. पंपावरचं यंत्र झिप कोड मागतं. आपल्या कार्डाशी जोडलेला असतो पुण्याचा सहा आकडी पिनकोड, आणि त्या यंत्राला हवे असतात पाच आकडे. कार्ड नाकारलं जातं आणि माणसाला वाटतं कार्ड बंद पडलं. कार्डाला काहीही झालेलं नसतं. आत दुकानात जायचं, पंपाचा क्रमांक आणि रक्कम सांगायची, तिथे कार्ड चालतं. न्यू जर्सीत निघालेल्यांनी मात्र निश्चिंत राहावं, त्या राज्यात स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, पंपावरचा माणूस भरून देतो. एडिसनला जाणारे हसले, म्हणजे पूर्वी जाऊन आलेत! पंपावर दुसरीही एक गोष्ट होते. भरलं ४० डॉलरचं तरी आधी १७५ डॉलरपर्यंतची रक्कम रोखून धरली जाऊ शकते, आणि सुटायला कधी काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा अडकते, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकी चलन भरून नेलेलं कार्ड, असेल तर आपले पैसे अडकतात. भाड्याची गाडी आणि हॉटेलची अनामत यांनाही हेच लागू. तिथे नेहमी क्रेडिट कार्डच द्यावं.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं आहेत आणि मूळ विषय अजून पुढे उभा आहे. आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

साध्या भारतीय क्रेडिट कार्डावर परकी चलनाचा मार्कअप बहुधा ३.५ टक्के असतो. त्यावर जीएसटी धरून ४.१३ टक्के. मार्कअप २ टक्के असेल तर २.३६. सहा महिन्यांत कार्डावर ३,००० डॉलर खर्च झाले आणि डॉलर ९० रुपये धरला, तर खर्च २,७०,००० रुपये. त्यावर ४.१३ टक्क्यांनी ११,१५१ रुपये जातात, २.३६ ने ६,३७२, आणि शून्य मार्कअपवर काहीच नाही. शून्य मार्कअपच्या कार्डाला वर्षाला ३,००० रुपये फी असेल, तर जीएसटीसह ३,५४० झाले. साध्या कार्डाच्या तुलनेत साधारण ८६,००० रुपयांच्या खर्चानंतर ते परवडायला लागतं. बिनफीची शून्य मार्कअप कार्डंही मिळतात. निवृत्तांना उत्पन्नाचा दाखला देता येत नसेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड मागा. बँकांची नावं मी मुद्दाम सांगत नाही, अटी बदलतात. प्रत्येक कार्डाचं ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ नावाचं पत्रक असतं. त्यात ‘फॉरेन करन्सी ट्रान्झॅक्शन’ची ओळ शोधा. विमानतळावरच्या लाउंजचं आमिष बाजूला ठेवा, लाउंज दोनदा लागतो, मार्कअप रोज लागतो.

रोख काढायला क्रेडिट कार्ड कधीच वापरू नका, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. त्यासाठी दुसऱ्या बँकेचं कमी मार्कअपचं डेबिट कार्ड ठेवा. ते पेन्शनच्या खात्याचं नको, वेगळं खातं उघडून त्यात लागेल तेवढेच पैसे ठेवा. एटीएमचं शुल्क रकमेवर नसतं, खेपेवर असतं. आपली बँक १५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १७७, आणि तिथलं यंत्र साडेतीन डॉलर, म्हणजे ३१५, असं धरलं तर एका खेपेला ४९२ रुपये जातात. २० डॉलर काढलेत तर हा खर्च २७ टक्के पडतो, एकदम ३०० काढलेत तर दोन टक्क्यांच्या आत येतो. मार्कअप त्याशिवाय.

फॉरेक्स कार्डाबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. भाव आज बांधून घ्यायचा असेल, किंवा शिकायला गेलेल्या मुलाला खर्चाची चौकट घालून द्यायची असेल, तर ते चांगलं. पण विकत घेताना सांगितलेल्या भावातच बँकेचा नफा असतो, त्यामुळे ‘मार्कअप नाही’ या शब्दांवर जाऊ नका, त्या क्षणाच्या बाजारभावाशी ताडून बघा. डॉलर भरलेलं कार्ड युरोत वापरलं तर वेगळं शुल्क लागतं. परत आल्यावर उरलेली रक्कम १८० दिवसांत बँकेला परत विकायची असते, २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते. कराबद्दल एवढंच: डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पाठवलेल्या-खर्चलेल्या पैशांच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, धरला जातो. आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढे गेलात तर पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो, तो विवरणपत्रात परत मागता येतो. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या त्यात धरत नाहीत.

म्हणजे दोघांत मिळून तीन कार्डं. शून्य मार्कअपचं क्रेडिट कार्ड एकाकडे, दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड दुसऱ्याकडे, एक व्हिसा तर एक मास्टरकार्ड, आणि रोख काढायला एक डेबिट. बिलाची पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना निघण्याआधी देऊन ठेवा. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशात चालू असतं, परदेशासाठीची कळ अ‍ॅपमध्ये आपण उघडायची असते. दुकान, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप यांच्या कळा वेगवेगळ्या असतात, त्या इथूनच तपासा. कार्डाची मुदत त्या सहा महिन्यांत संपत नाही ना, तेही बघा, कारण नवं कार्ड टपालाने इथल्या पत्त्यावर येईल आणि दाराला कुलूप असेल. सिमचं रिचार्ज सहा महिने पुरेल असं करा, ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

आणि कार्डाच्या मागचा १८०० वाला टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर शोधा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तो कागद पाकिटात ठेवू नका. पाकीट हरवलं तरच तो लागणार आहे. औषधांच्या डब्यात ठेवा.