हलकी गाडी आणि तिच्यावर चढणारं ओझं

नमस्कार, श्रोतेहो.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे लष्करी जिप्सी आपल्याकडे लहान पोरंही लांबून ओळखतात. आजचा विषय तिच्याहूनही हलक्या गाडीचा, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या एटीव्हीचा (ऑल टेरेन व्हेइकल). ना दारं ना काचा, लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि चार फुगीर टायर. 2025 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आपल्या सैन्याने ‘चेतक’ नावाची एटीव्ही आणली होती. मुळात हा प्रकार शेतात आणि रानात फिरायला बनलेला. तो सैन्यात घेताना काय बदलावं लागतं आणि घोळ कुठे होतो, ते पाहू.

हिरवा रंग मारला की गाडी लष्करी झाली, असं नाही. पहिला प्रश्न वजनाचा. 1940 साली अमेरिकन सैन्याने जीप मागवली, तेव्हा अट होती 590 किलोंची. कुणालाच जमेना. मर्यादा 980 किलोंपर्यंत वाढवली, तरी युद्धात उतरलेली विलीज जीप तीही ओलांडून गेली. हा रोग तेव्हापासूनचा आहे.

पोलारिस कंपनीची चार जणांची लष्करी एटीव्ही, एमआरझेडआर घ्या. ऑस्प्रे विमानाच्या पोटात मावावी म्हणून तिची रुंदी दीड मीटरच्या आसपास ठेवली. भार उचलते सुमारे 680 किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण हत्यार आणि पिठ्ठूसकट एक जवान 120 किलोंचा धरा, चौघांचे झाले 480. उरले 200. मशीनगनचा स्टँड आणि दारूगोळा 80, दोन कॅन पाणी 40, वायरलेस आणि जादा बॅटरी 40, स्टेपनी, जॅक, दोर मिळून 40. संपलं! वर कुणी चिलखती पत्रा मागितला, तर एका जवानाला खाली उतरवावं लागेल. म्हणून चिलखताचा नाद सोडून वेगावर आणि लपण्यावर भर देतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

सामान बांधायचीही रीत असते. जड पेट्या खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे. सगळं मागच्या रॅकवर लादलं तर गाडी बैलगाडीसारखी उलार होते. पुढची चाकं हलकी पडतात आणि चढावर स्टेअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. मशीनगन वरच्या पाइपावर बसवली, तर आडव्या उतारावर उलटायची भीती वाढते.

आता टायर. क्वाड म्हणजे मोटरसायकलसारखं बसून एकट्याने चालवायची चारचाकी एटीव्ही. तिच्या टायरमध्ये हवा असते 5 ते 7 पीएसआय. टायरमधली हवा जितकी, साधारण तितकाच दाब जमिनीवर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आत. भरल्या ट्रकचा टायर शंभर पीएसआयच्या आसपास चालतो. बैलहोंगल-सौंदत्तीच्या ओल्या रेगडात ट्रक बसतो आणि क्वाड निघून जाते, ती यामुळे. पण रेगड टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. तिथे थांबू नये, एकसारखा वेग ठेवावा. खानापूर-जांबोटीच्या जांभ्यात उलटं. हवा फार कमी असेल तर दगडावर आपटून टायर रिमवरून निसटतो. पंपावरचा गेज इतक्या कमी दाबाला भरवशाचा नाही. 0 ते 15 पीएसआयचा वेगळा गेज जवळ हवा.

सगळ्यात जास्त गाड्या बंद पडतात त्या बेल्टमुळे. अशा बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सआधी सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुल्ल्या आणि त्यांच्यामधला रबरी पट्टा. भार भरलेला, चढ उभा आणि चालक हाय गिअरमध्ये, असं झालं की पट्टा पुल्लीवर घसरतो, तापतो, काचेसारखा चकचकीत होतो. जळक्या रबराचा वास आला की उशीर झालेला असतो. उपाय सोपा आहे. सावकाश चालताना, ओढताना, चढताना लो गिअर. पट्टा तुटलाच, तर नवा चढवण्याआधी कव्हरमधले सगळे धागे वेचून काढा. एक जरी धागा शाफ्टला गुंडाळून आत गेला, तर सील फाडतो. ओढ्यातून येताना कव्हरमध्ये पाणी शिरलं, तर खालचा ड्रेन प्लग काढून, गाडी न्यूट्रलला ठेवून दोन-चारदा रेस करायची. पाणी बाहेर फेकलं जातं.

आता विंचचं, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या विजेच्या रहाटाचं, थोडक्यात. भार पडला की ती दीडशे अँपिअरपेक्षा जास्त ओढते, म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओढावं. ड्रमवर दोराचे पाचेक वेढे शिल्लक हवेत आणि ताणलेल्या दोरावर एक ओलं पोतं टाकावं. दोर तुटला तर तो कमी उसळतो.

इंधनाचा त्रास निराळा. एमआरझेडआर आधी पेट्रोलवर होती. तेवढ्या एका गाडीसाठी पेट्रोलचे वेगळे कॅन वाहावे लागत, म्हणून पुढे बाकीच्या ताफ्याच्या जेपी-8 इंधनावर चालणारं डिझेल इंजिन बसवलं. लडाखमध्ये आणखी एक गोष्ट. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का घटते. पँगाँगला, 4,250 मीटरवर, चाळीसेक टक्के गेलेली असते, आणि तिथे भारही तितकाच कमी धरावा लागतो.

चिखलातून आल्यावर रेडिएटर इंजिनाच्या बाजूने, हलक्या पाण्याने धुवावा. उद्यमबागेतल्या कारागिरांना हे सांगायला नको, पण घाईत प्रेशरचा फवारा जवळून मारला जातो, जाळीचे पत्रे वाकतात आणि हवा जायची थांबते. मग डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, प्लग खोलून तेल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ते तेल त्याच दिवशी काढून टाका, आणि ब्रीदरची, म्हणजे त्या डब्यात हवा ये-जा करणारी, नळी निसटली आहे का, तेही तपासा.