मी चाललो नाही

ओळख करून देताना आत्ता माझा उल्लेख ‘शंभर किलोमीटर चाललेले’ असा झाला. आधी तेवढं दुरुस्त करतो. शंभर किलोमीटर माझी बायको चालली, तिच्या ऑफिसातल्या आणखी तिघींबरोबर. मी थर्मास घेऊन उभा होतो. आमंत्रण खरं तर तिलाच होतं. ती म्हणाली, “चालायचं काम मी केलं, बोलायचं तू बघ.” म्हणून मी इथे.

ही हकीकत हाँगकाँगची. आम्ही तिथे काही वर्षं होतो. हाँगकाँग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात, पण शहर संपलं की लगेच डोंगर सुरू होतो. या डोंगरांतून पूर्व-पश्चिम अशी शंभर किलोमीटरची एक पायवाट जाते. मॅक्लेहोज ट्रेल. मॅक्लेहोज हे तिथले तेव्हाचे ब्रिटिश गव्हर्नर. वाट 1979 मध्ये खुली झाली. दर पाचशे मीटरवर एक खांब, त्यावर नंबर: एम 001 पासून एम 200 पर्यंत. दिवसा या खांबांचा धीर वाटतो. रात्री ते छळतात, असं बायको सांगते. किती तरी वेळ चालल्यासारखं वाटावं आणि नंबर एकानेच पुढे सरकलेला असावा.

1981 मध्ये तिथल्या गुरखा सैनिकांनी या वाटेवर सरावाची मोहीम काढली आणि तिला मदतनिधीची जोड दिली. 1986 पासून सामान्य लोकही त्यात उतरू लागले आणि गरिबीविरुद्ध काम करणारी ऑक्सफॅम ही संस्था आयोजनात आली. तोच ट्रेलवॉकर, बायको ज्यात चालली तो. पुढे तो देशोदेशी गेला, आपल्याकडे बंगळुरूला आणि मुंबईजवळही झाला. नियम सोपे: चौघांचा संघ, अठ्ठेचाळीस तास, चौघांनी एकत्र चालायचं. म्हणजे वेग ठरतो तो सगळ्यांत मागे असलेल्याचा. आणि प्रत्येक संघानं ठरावीक किमान रक्कम जमवायची.

चालण्याचा सराव चौघींनी सहा महिने केला. पैसे मागण्याचा सराव मात्र कुणालाच नव्हता. आपल्या मध्यमवर्गीय घरांत उसने मागणंसुद्धा जिवावर येतं, इथे तर परत न देण्यासाठी मागायचं! बायकोनं पहिला मेल लिहायला चार दिवस घेतले. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “चालणार ही, आणि पैसे लोकांनी का द्यायचे? वारीला जाणारा माणूस कुणाकडे पावती फाडतो का?” प्रश्न बिनतोड होता. मी काहीतरी बोललो, ते मलाच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकिटात घालून एक हजार एक रुपये दिले. “शंभर किलोमीटरचे हजार. वरचा एक घरी परत येण्यासाठी.” ऑनलाइन भरताना त्या एक रुपयाचं काय करायचं, या विचारात मी तासभर घालवला. शेवटी तो देवापुढे ठेवला.

सपोर्ट टीम म्हणजे मी, सासूबाई आणि आमचा अकरा वर्षांचा मुलगा. दिंडीचा ट्रक जसा पुढे जाऊन राहुट्या ठोकतो, चुली पेटवतो, तसंच आमचं काम. फरक इतकाच की आमच्याकडे ट्रक नव्हता. बस, टॅक्सी आणि दोन सॅक.

नोव्हेंबरातला शुक्रवार. सकाळी त्या पाक तम चुंगहून निघाल्या. चौतीस किलोमीटरवर ‘के लिंग हा’ नावाचं ठिकाण, तिथे अंधार पडल्यावर पोचल्या. सासूबाईंनी थर्मासमधून मऊ भात काढला, वर तूप, मेतकूट. मँगलोरची एक होती, ती लगेच जेवायला बसली. कँटोनीज दोघींनी आधी वास घेतला, मग वाटी पुढे केली आणि दुसऱ्यांदाही केली. भाताची पेज त्यांच्याकडेही आजारी माणसाला देतात, हे तेव्हा कळलं. मी पायांकडे बघत होतो. टाचेवर सुपारीएवढा फोड. पाय पुसायचा, चिकटपट्टी लावायची, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन, कोरडे मोजे. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. बायकोचे पाय इतके निरखून मी कधी पाहिले नव्हते. हे इथे सांगितल्याचं तिला कळता कामा नये.

रात्री त्या लायन रॉक डोंगराच्या बाजूनं गेल्या, खाली शहराच्या कौलून भागाचे सगळे दिवे. वर बसायची सोय नाही, त्यामुळे दिवे बघत चालावं लागतं आणि दिवे बघितले की ठेच लागते.

आता माझा पराक्रम ऐका. बासष्ट किलोमीटरवर शिंग मुनचं धरण. तिथे आम्ही उजाडता उजाडता थांबलो होतो. त्या भागात माकडं फार आणि त्यांना खायला घालायला कायद्याने बंदी. मी कायदा पाळला. फक्त कोरडे मोजे ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, ती कुरकुरणारी पिशवी मांडीवर ठेवून डुलकी काढली. माकडाला मोजे नको होते, पण पिशवी उघडल्याशिवाय त्याला ते कळणार कसं? मुलगा ओरडला तेव्हा आमचे मोजे झाडावर होते. बायको पोचली. तिनं झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी बूट काढले, माझे मोजे तिला दिले. पुढचे सहा तास मी अनवाणी पायांत बूट घालून हाँगकाँगभर हिंडलो. मलाही एक फोड आला. कुणी विचारलं नाही.

पुढे नीडल हिल आणि मग ताय मो शान, 957 मीटर. सिंहगड याहून उंच आहे, त्यामुळे पुणेकरांना हसू येईल. पण सिंहगडाच्या पायथ्याशी आपण सत्तर किलोमीटर चालून पोचत नाही.

ताय मो शान उतरल्यावर अठ्ठ्याहत्तर किलोमीटरला चौघींपैकी एक थांबली. कँटोनीज दोघींमधली उंच, रोज जिमला जाणारी, सगळ्यांत जास्त पैसे जमवलेली. गुडघा वाकेना. चेकपोस्टवर तिनं सही केली, मनगटावरची पट्टी कापून दिली. उरलेल्या तिघींनी तिला मिठी मारली आणि त्या निघाल्या, कारण थांबलं की पाय आखडतात. मागे वळून बघणंही परवडत नाही.

ती आमच्याबरोबर टॅक्सीत बसली. खिडकीकडे तोंड करून रडत होती. सासूबाईंना तिची भाषा येत नव्हती, तिला यांची. सासूबाईंनी नुसता तिचा गुडघा मांडीवर घेतला आणि बाम चोळत राहिल्या. पाचदहा मिनिटांनी तिनं डोळे पुसले, आमच्या सॅकची चेन उघडली, थर्मास हलवून बघितला आणि मला विचारलं, “चहा एवढाच उरलाय? त्या तिघींना पुरणार नाही.”