किल्ली, साप आणि डावा पाय

पत्रिकेवर विषय छापलाय ‘रोजच्या फजितीतून आणि सणांतून श्रद्धेचे धडे’. वाचायला बरा वाटतो. तयारीला बसलो तेव्हा मात्र लक्षात आलं, की यातल्या ‘धडे’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. म्हणून आधी एक फजिती सांगतो, भांडण नंतर.

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आम्ही दोघं घरी आलो. रात्रीचा दीड वाजलेला. दारापाशी उभे. मी हिच्याकडे बघतोय, ही माझ्याकडे.

‘काढ ना किल्ली.’

‘मी कुठली काढू? मला वाटलं तुम्ही घेतलीत.’

‘मला वाटलं तुझ्या पर्समध्ये आहे.’

मग जिन्यातल्या दिव्याखाली तिची पर्स पायरीवर पालथी झाली. दोन रुमाल, गीतांचा कागद, अर्धी जळलेली मेणबत्ती, बसची जुनी तिकिटं, एक सुटं बटण. किल्ली नाही. किल्लीवाला सकाळशिवाय येणार नव्हता. बसलो पायरीवर. आणि सवय वाईट असते बघा, मला प्रवचन सुचायला लागलं. मी म्हटलं, ‘अगं, आजच्याच रात्री मरीया आणि योसेफ यांनाही दार उघडं मिळालं नव्हतं. देवानं आपल्याला त्या रात्रीची थोडी चव दिली.’

ती रुमाल घड्या करून परत पर्समध्ये ठेवत होती. वर न बघता म्हणाली, ‘देवाला कशाला मधे आणता? निघताना तुम्ही फोनवर बोलत होतात. किल्ली टेबलावर आहे.’

किल्ली टेबलावरच होती.

आता माझ्या प्रवचनातली आणखी एक गंमत. येशूच्या जन्माच्या रात्री त्याच्या आईबापांना, मरीया आणि योसेफला, दार बंद करणारा तो निष्ठुर उतारशाळेवाला आपल्या प्रत्येक नाताळच्या नाटकात असतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात तो नाहीच. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ असं आपण वाचतो, पण तिथला मूळ ग्रीक शब्द ‘कातालिमा’ आहे, आणि येशूनं शिष्यांबरोबर केलेल्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही लूकने तोच शब्द वापरलाय. चांगल्या शोमरोन्याच्या, म्हणजे जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याच्या गोष्टीत खरीखुरी उतारशाळा येते, तिथे तो वेगळा शब्द घालतो. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, की ती घरातली पाहुण्यांची खोली असावी आणि ती भरलेली असावी. कोणी कोणाला हाकललं नव्हतं. पण अडचण आली की आपल्याला कोणीतरी खलनायक लागतो. तो सापडला नाही, तर मग त्यामागे देवाचा काहीतरी हेतू तरी हवाच. नुसती अडचण आपल्याला सोसत नाही.

माझं भांडण इथे आहे. फजिती म्हणजे देवानं पाठवलेली चिठ्ठी, आणि आपलं काम ती फोडून वाचायचं, असं आपण धरून चालतो. पवित्र शास्त्रात अशी चिठ्ठी वाचणारी माणसं भेटतात. त्यांचं काय होतं, ते बघण्यासारखं आहे.

प्रेषितांची कृत्ये हे लूकनेच लिहिलेलं पुस्तक, त्याचे शेवटचे दोन अध्याय. प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात. वादळात जहाज फुटतं. जहाजावर दोनशे शहात्तर माणसं, सगळी कशीबशी पोहत, फळ्या धरून किनाऱ्याला लागतात. बेट असतं मिलिता, म्हणजे आजचं माल्टा. पाऊस पडतोय, थंडी आहे. तिथले लोक भले, ते शेकोटी पेटवतात. पौल काटक्या गोळा करून आगीत टाकतो, तर उष्णतेनं काटक्यांतून साप बाहेर येतो आणि त्याच्या हाताला लटकतो. लोक लगेच म्हणतात, हा खुनी असणार. समुद्रातून वाचला, पण न्याय काही याला जगू देत नाही. पौल हात झटकतो, साप आगीत पडतो. आता हा सुजेल, आता कोसळेल म्हणून लोक टक लावून बसतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग तेच लोक म्हणतात, हा देव आहे!

पाहा, एकच साप आणि एकच हात. आधी खुनी, नंतर देव, आणि दोन्ही वेळा साफ चूक. काटक्यांत साप असतात, एवढाच त्याचा अर्थ होता. लूकने हा प्रसंग लिहिताना गालात हसून लिहिलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

येशूपुढेही हा प्रश्न आला. यरुशलेमातला शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. येशू विचारतो, ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते, असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? याचंही नाही आणि त्यांचंही नाही, असं तो सांगतो. पुढे थुंकीनं माती कालवतो आणि त्याच्या डोळ्यांना लावतो. कारणमीमांसा तिथेच थांबते आणि हाताला चिखल लागतो. शिलोहाच्या बाबतीत तो पुढे एक कडक वाक्य बोलतो, पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल असं. ते मी गाळत नाही. पण ते ऐकणाऱ्यांना उद्देशून आहे. मेलेल्यांवर निकाल दिलेला नाही. हा फरक आपण फार सहज पुसून टाकतो, विशेषतः दुसऱ्याच्या घरी सांत्वनाला गेल्यावर.

मग फजितीतून शिकायचंच नाही का? शिकायचं. पण तिनं माझ्याबद्दल काय उघडं केलं, ते. देवाच्या मनात काय होतं हा तर्क नको. किल्लीच्या रात्री उघडं पडलं ते साधं होतं. दोघंही ‘मला वाटलं’ म्हणत होतो.

हेच दोन शब्द एका सणाच्या गोष्टीतही आहेत. येशू बारा वर्षांचा असताना त्याचे आईबाप वल्हांडण सणाला त्याला यरुशलेमला नेतात. सण संपतो, परतीची वाट सुरू होते, आणि पोरगं मागेच राहतं. ते दोघं एक दिवसाची मजल चालून जातात, तरी पत्ता नाही! लूक कारणही देतो. तो वाटसरूंच्या घोळक्यात असेल, असं त्यांना वाटलं. म्हणजे तिला वाटलं असेल तो योसेफबरोबर पुरुषांत आहे, आणि त्याला वाटलं असेल आईजवळ आहे. हे मी भर घालून सांगतोय, पण आपल्यातल्या कुठल्या आईबापांना हे अशक्य वाटेल? मग नातेवाइकांत शोध, ओळखीपाळखीच्यांत शोध, माघारी यरुशलेम, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो. आई रागावते, कोणतीही आई रागावेल. मुलगा म्हणतो, मी माझ्या पित्याच्या घरात असायला हवं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

पुढचं वाक्य मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं. तो काय बोलला, ते त्यांना समजलं नाही. लूक सरळ लिहितो. मरीयेला समजलं नाही! ती ते सगळं मनात जपून ठेवते आणि घरी जाऊन कामाला लागते. तीन दिवस नाहीसा झालेला मुलगा तिसऱ्या दिवशी सापडतो. ज्याला पुढची, क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठल्याची गोष्ट ठाऊक आहे, त्याच्या अंगावर काटा येतो. तिला तेव्हा ती ठाऊक नव्हती. अर्थ लागायला वीस वर्षं गेली. आपण मात्र रात्री दीडला जिन्यात बसून अर्थ लावायला निघतो.

सणांचं म्हणाल, तर सण या कामी उपयोगी पडतात ते असे. आपल्याला काय झालंय हे कळायच्या आत ते शब्द हाताशी ठेवतात. राखेचा बुधवार घ्या, उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, कपाळावर राख लावतात तो. राख कुठून येते? मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या उंचावून आपण ‘होसान्ना’ म्हटलं, त्याच वाळवून जाळतात. म्हणजे गेल्या साली केलेला जयघोष या साली कपाळावर येतो. त्याच दिवशी वाचन असतं मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाचं. उपवास करताना तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. हे ऐकायचं आणि लगेच रांगेत उभं राहून कपाळावर काळा डाग घेऊन रस्त्यावर यायचं! हा विरोधाभास कोणीतरी दुरुस्त करेल असं लहानपणी वाटायचं. आता वाटतं, बरंय तसंच आहे. पंचांगही मधूनमधून थट्टा करतं. २०१८ साली राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला, गुलाबांच्या दिवशी ‘तू माती आहेस’. त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, १ एप्रिलला होता. आणि पंचांगाची स्वतःची फजिती ऐकायची तर १५८२ ची. दिनदर्शिका सुधारताना ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर धरला. त्याच रात्री स्पेनमधल्या आविलाची संत तेरेजा वारली. म्हणून तिचा सण १५ ऑक्टोबरला असतो.

आता पायातल्या मोज्याची गोष्ट. हे मी घरी सांगितलेलं नाही, इथे सांगतो.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. एका वर्षी बारांत माझं नाव आलं. पाय धुवून घ्यायला जाताना माणूस काय करतो? घरून पाय धुवून जातो! मी तर नखं कापली, टाच घासली, उजव्या पायात नवा मोजा घातला. उजव्याच, कारण आमच्याकडे एकच पाय धुतात आणि दरवर्षी तो उजवा असतो, हे मी हेरून ठेवलं होतं. डाव्यात हाताला आला तो मोजा. त्या वर्षी खुर्च्या दुसऱ्या बाजूला मांडल्या होत्या. घंगाळ, तांब्या, खांद्यावर टॉवेल, गुडघे टेकलेले धर्मगुरू माझ्यापुढे आले आणि हळूच म्हणाले, ‘डावा.’

बूट काढला. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर. नखाखाली काळं. मी ‘उजवा चालेल का’ असं पुटपुटलो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही तसं दाखवलं नाही. मोजा त्यांनीच काढला, गुंडाळून बुटात ठेवला. पाणी कोमट होतं. त्यांनी अंगठा जरा जास्त वेळ पुसला.

त्या दिवसाआधी मी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा, पाय धुण्याचा अध्याय कितीतरी वेळा वाचला होता. शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. मला तो नेहमी नम्र वाटायचा. त्या खुर्चीवर कळलं, की नम्र कसला, त्याला लाज वाटत असणार. तोच पेत्र पुढच्या श्वासात म्हणतो, मग पायच का, हात आणि डोकंही धुवा! लाजलेला माणूस असाच एकदम दुसऱ्या टोकाला जातो. आणि त्या खोलीत येशूला धरून देणारा यहूदाही होता. तो बाहेर पडला ते नंतर. त्याचेही पाय धुतले गेले, त्याच घंगाळात, त्याच टॉवेलनं. आपण दाखवायला आणलेला पाय एक असतो, मागितला जातो तो दुसराच. एवढंच मी तिथून घेऊन आलो. बाकी मोजा टाकून दिला.

कोणी विचारतं, असं रोजच्या रोज पाहायचं कसं. संत इग्नेशिअस लोयोलांची एक रीत आहे. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला. हाड वाकडं जुळून वर आलं, तर तंग बूट घालता यावेत म्हणून त्यांनी ते कापून घेतलं. एवढी हौस! अंथरुणावर त्यांना शूरवीरांच्या गोष्टी हव्या होत्या, घरात होती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. वाचता वाचता त्यांना जाणवलं, की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते पण मागे कोरडेपणा उरतो, आणि संतांचा विचार करून झाल्यावर मन तृप्त राहतं. पुढे त्यातून आत्मपरीक्षणाची प्रार्थना आली. आधी आभार, मग उजेड मागायचा, मग दिवस तासागणिक डोळ्यांपुढून सरकवायचा, चुकलं तिथे क्षमा, आणि उद्याचा विचार. दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यात ‘देवानं हे का केलं’ असा प्रश्नच नाही.

शेवटी एक गोष्ट, कारण तुमच्यातल्या काहींची अडचण किल्लीएवढी नसेल. पवित्र शुक्रवार आणि पुनरुत्थान यांच्यामध्ये एक शनिवार असतो. दिवसभर मिस्सा होत नाही. वेदी वस्त्राविना उघडी असते. रात्र होईपर्यंत चर्च काही बोलत नाही. शनिवारात अडकलेल्या माणसाकडे आपण रविवार घेऊन धावतो, तोही तयार वाक्यांत बांधून. पवित्र शास्त्रात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाची गोष्ट आहे. त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा त्याला लांबून ओळखू शकले नाहीत. रडले. मग त्याच्याजवळ जमिनीवर बसले, सात दिवस आणि सात रात्री. त्याचं दुःख फार मोठं आहे हे दिसल्यामुळे कोणी एक शब्द बोललं नाही. त्या पुस्तकात मित्र म्हणून त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. आठव्या दिवशी ते कारणं सांगू लागले आणि पुढचे कितीतरी अध्याय सांगतच राहिले. शेवटी देव त्यांच्यावर चिडला.

मी पाऊण तास बोललोय. थांबतो.